फोटो धूसर, फिकट येतात? लेन्स उघडण्याआधी एवढं तपासा

बडोद्यात पावसाळा सरत आला की गणपती ते नवरात्र या दिवसांत माझ्याकडे हमखास एकच तक्रार येते. कॅमेरा तोच, लेन्स तीच, पण फोटो पूर्वीसारखे खणखणीत येत नाहीत, सगळ्यावर दुधाळ थर आल्यासारखा दिसतो. मी दुरुस्तीचा धंदा करत नाही. हौसेनं फोटो काढतो, जुन्या लेन्स जमवतो, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मित्रमंडळींच्या लेन्स बघत, पुसत आलोय. निकॉनची ५० मिमी एफ/१.८ डी, कॅननची १८-५५ किट झूम, रशियन हेलिओस ४४-२, सुपर टाकुमार, यशिकाचा जुना रेंजफाइंडर, यातल्या प्रत्येकाची दुखणी वेगळी. हे एक दुखणं मात्र सगळ्यांना होतं.

बहुतेक वेळा कारण लेन्सच्या बाहेर सापडतं आणि पाच-दहा मिनिटांत निस्तरतं. "बुरशीच लागली असणार" असं ठरवून लोक थेट स्क्रू ड्रायव्हर हातात घेतात. आत खरंच बुरशी असली तरी घाईनं उघडलेल्या लेन्सचं नुकसान बुरशीपेक्षा जास्त होतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. फुकटच्या तपासण्या आधी, खर्चाच्या नंतर.

लक्षणं

तुमच्या फोटोत यातलं काय दिसतं ते आधी नीट बघा. मोबाइलवर नको, मोठ्या स्क्रीनवर.

- काळा रंग काळा येत नाही, राखाडी येतो. केस, सावल्या, काळी पैठणी, सगळं धुरकट.
- दिव्यांभोवती पसरट प्रभावळ दिसते. गरब्याच्या मैदानावर किंवा रात्री सुरसागरच्या काठावर हे जास्त जाणवतं.
- सावलीत फोटो ठीक येतो, पण उजेड समोरून आला की अख्खी चौकट पांढुरकी होते.
- सगळ्या फोटोंना पिवळट झाक येते.
- आकाशात ठरावीक जागी करडे ठिपके दिसतात.
- डोळा लावल्यावर धूसर दिसतं, पण प्रत्यक्ष फोटो स्वच्छ येतो.

शेवटची दोन लक्षणं वेगळ्या आजाराची आहेत. ठिपके बहुधा सेन्सरवरच्या धुळीचे असतात. एफ/१६ वर (एफ आकडा मोठा तितकं लेन्समधलं छिद्र लहान) मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या. ठिपके गडद आणि रेखीव झाले, आणि लेन्स बदलूनही त्याच जागी राहिले, तर लेन्स निर्दोष आहे. आधी कॅमेऱ्यातली सेन्सर सफाईची सोय वापरा, मग सफाईच्या मोडमध्ये रबरी ब्लोअरनं हवा मारा. ब्लोअरचं टोक आत घालायचं नाही. फक्त डोळा लावल्यावर धूसर दिसत असेल तर दोष व्ह्यूफाइंडरमध्ये आहे, फोटोवर त्याचा काही परिणाम नाही. यशिका-मॅटसारख्या दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात वरची लेन्स फक्त बघण्यासाठी असते. तिच्यात बुरशी दिसली म्हणून कुणी कॅमेरा टाकून देऊ नये. फिल्मवर चित्र उमटवते ती खालची लेन्स.

पिवळट झाक सोडली (तिचं कारण सातव्या तपासणीत) तर उरलेल्या लक्षणांचं मूळ एकच आहे. जो उजेड चित्र घडवायला हवा, त्यातला काही भाग काचांवर, चिकटलेल्या थरांवर, कडांवर आपटून विखुरतो आणि सेन्सरभर सारखा पसरतो. भरदिवसा दार उघडं राहिलेल्या थिएटरात पडद्यावरचं चित्र जसं फिकं पडतं, तसंच इथे होतं. चित्र असतं, तपशीलही असतो, पण सगळ्यावर फुकटचा उजेड चढलेला असतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख, बघितला तर तो डाव्या, काळ्या काठाला टेकतच नाही. पुढची प्रत्येक तपासणी हा फुकटचा उजेड कुठून येतो एवढंच शोधते.

पहिली तपासणी: हवा आणि सेटिंग

पावसानंतरच्या स्वच्छ दिवशी बडोद्यातल्या उंच गच्चीवरून पावागड दिसतो. ४५-५० किलोमीटरवरचा तो डोंगर टेलिफोटोनं टिपला आणि निळसर, फिका आला, तर लेन्सला बोल लावू नका. मधल्या हवेतली वाफ आणि धूळच तो उजेड विखुरते. त्याच लेन्सनं, त्याच उजेडात, दहा पावलांवरच्या झाडाच्या काळ्या खोडाचा फोटो घ्या. खोड काळं आलं तर लेन्स ठीक आहे.

मग कॅमेऱ्याचा मेनू उघडा. पिक्चर कंट्रोल किंवा पिक्चर स्टाइल (फोटोचे रंग आणि उठाव ठरवणारं सेटिंग) "फ्लॅट" किंवा "न्यूट्रल"वर तर राहिलं नाही ना? व्हिडिओसाठी कुणीतरी ते बदललेलं असतं आणि परत फिरवायचं राहून जातं. फ्लॅटवर प्रत्येक फोटो राखाडीच येणार. ही तपासणी फुकट आहे, आणि "लेन्स खराब झाली" म्हणून आलेले काही जण इथूनच समाधानानं घरी गेलेत.

फिल्म वापरणाऱ्यांसाठी याहून सोपी कसोटी आहे. धुऊन आलेली निगेटिव्ह उजेडासमोर धरा आणि दोन चौकटींमधली कोरी पट्टी बघा. त्या पट्टीवर लेन्समधून उजेड पडतच नाही. तीच धुरकट असेल तर दोष जुन्या फिल्मचा, धुलाईचा किंवा कॅमेऱ्यात बाहेरून शिरणाऱ्या उजेडाचा आहे, लेन्सचा नाही. पट्टी स्वच्छ आणि चौकट धूसर असेल तरच पुढे जा.

दुसरी: फिल्टर काढा

यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सच्या तोंडाशी बसवलेली सपाट काच, काढून तोच फोटो पुन्हा घ्या. "काच वाचावी" म्हणून दुकानातून लेन्सबरोबर घेतलेला स्वस्त फिल्टर हे या तक्रारीचं मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण आहे. सपाट काचेवर कोटिंग (उजेडाचं परावर्तन कमी करणारा पातळ थर) नसलं किंवा हलकं असलं की सेन्सरवरून परतलेला उजेड फिल्टरवर आपटून पुन्हा आत येतो. रात्रीच्या फोटोत याची खूण पक्की असते. चौकटीच्या एका बाजूला दिवा असेल तर केंद्रापलीकडे बरोबर समोरच्या जागी त्याचं उलटं, फिकट भूत दिसतं. ते फिल्टर काढताच गेलं तर काम संपलं.

फिल्टर ठेवायचाच असेल तर चांगल्या मल्टिकोटिंगचा घ्या, आणि रात्री दिव्यांसमोर काढून ठेवा. समोरची काच सांभाळायला मी हुड (लेन्सच्या तोंडाला लावायचा सावलीचा कठडा) वापरतो. ठोकरही तोच झेलतो.

तिसरी: हुड किंवा हाताची सावली

उजेड समोरून असताना लेन्सच्या वर तळहात असा धरा की काचेवर सावली पडेल, पण हात चौकटीत येणार नाही. एक फोटो हातासह, एक हाताविना. फरक ठळक असेल तर आजार तिरप्या उजेडाचा आहे.

दांडिया बाजाराजवळ बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा वाडा आहे. आतल्या भिंतींवरची चित्रं टिपताना हे फार जाणवतं. खोली अंधारी, खिडकीतून झगझगीत उजेड, आणि खिडकी चौकटीच्या जेमतेम बाहेर. खिडकी फोटोत दिसत नाही, पण तिचा उजेड काचेवर पडतोच आणि रंग धुऊन टाकतो. दोन पावलं सरकून खांबाच्या आडोशाला उभं राहिलं की तीच चित्रं खुलतात. जुन्या, एकेरी कोटिंगच्या लेन्सवर हा परिणाम खूप जास्त होतो. हेलिओस ४४-२ स्वच्छ असली तरी समोरच्या उजेडात फिकी पडतेच. तो तिचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे.

चौथी: बाहेरच्या दोन काचा, आणि मागची जास्त महत्त्वाची

समोरच्या काचेवर धुळीचे कण असले तर फोटोत सहसा काही कळत नाही. बोटाचा तेलकट ठसा मात्र कळतो, कारण तो पातळ थर होऊन पसरतो. मागची काच तर कोणी बघतच नाही. लेन्स बदलताना तिला अंगठा लागतो, आणि ती सेन्सरच्या जवळ असल्यामुळे तिच्यावरचा डाग समोरच्या डागापेक्षा फोटोला जास्त नडतो. म्हणून आधी मागून बघा.

पुसण्याचा क्रम असा. ब्लोअरनं हवा मारा, मग मऊ ब्रशनं कण झटका, आणि शेवटी लेन्सच्या द्रावणाचे एक-दोन थेंब लेन्स टिश्यूवर घेऊन मधून कडेकडे गोल फिरवत पुसा. थेंब थेट काचेवर टाकायचे नाहीत. कडेनं आत उतरले की पुढचं सगळं अवघड होतं. कण झटकल्याशिवाय पुसलं तर तेच कण कोटिंगवर ओरखडे काढतात. शर्टाचं टोक, ओढणी, हातरुमाल, चष्म्याचं जुनं फडकं यातलं काही नको. काँप्युटर साफ करायचा दाबाच्या हवेचा डबाही नको, त्यातून थंड द्रव उडतो.

मोबाइलनं फोटो काढणाऱ्यांनी ही एकच तपासणी केली तरी पुरे. खिशातून काढलेल्या फोनच्या लेन्सवर बोटाचं तेल असतंच.

पाचवी: वाफ

एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दमट संध्याकाळी बाहेर काढला की थंड काचेवर दव धरतं. समोरचं दव दिसतं आणि आपण पुसतो. मागच्या काचेवरचं किंवा आतलं दिसत नाही. गरब्याचे पहिल्या अर्ध्या तासाचे फोटो दुधाळ आणि नंतरचे स्वच्छ, असं असेल तर उत्तर हेच.

घरातून निघण्याआधी कॅमेरा बॅगेत बंद करा आणि बॅग अर्धा-पाऊण तास एसी नसलेल्या खोलीत ठेवा. झिपची प्लॅस्टिक पिशवी असेल तर उत्तम, दव पिशवीवर धरतं, काचेवर नाही. दव धरलंच तर लेन्स काढून आत फडकं घालू नका. उघड्या कॅमेऱ्यात तीच दमट हवा शिरते. थांबा, काच हवेइतकी गरम झाली की दव आपोआप जातं. पण हे रोजचं होऊ देऊ नका. आत पुनःपुन्हा धरणारं दव ही बुरशीची पहिली पायरी असते.

सहावी: अदलाबदल

मित्राची लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर लावा, आपली लेन्स त्याच्या. दोष लेन्सबरोबर गेला तर लेन्स, कॅमेऱ्याबरोबर राहिला तर कॅमेरा. एवढ्यानं निम्मी शंका फिटते. दोन्ही फोटो एकाच जागेवरून, एकाच एफ आकड्यावर आणि एकाच उजेडात हवेत, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

सातवी: टॉर्चची तपासणी

आता लेन्सच्या आत बघू. याला फक्त मोबाइलचा टॉर्च आणि अंधारी खोली लागते.

लेन्स कॅमेऱ्यावरून काढा आणि छिद्र लहान-मोठं करणारी आतली पाती पूर्ण उघडा. कॅननच्या ईएफ लेन्सची पाती काढल्यावर उघडीच राहतात. निकॉनच्या डी लेन्सवर कडी एफ/१.८ कडे, म्हणजे सगळ्यात लहान आकड्याकडे फिरवा. कडी नसलेल्या जी लेन्सच्या मागे छोटा दांडा असतो, तो नखानं हलकेच सरकवून धरा. हेलिओसवर दोन्ही कड्या एफ/२ वर आणा. सुपर टाकुमारवर कळ "एम"कडे करून मोठ्यात मोठं छिद्र ठेवा. काही मिररलेस लेन्सची पाती बंद राहतात. त्यांना जोर लावू नका, समोरून दिसेल तेवढं बघा. ज्या फिल्म कॅमेऱ्याची लेन्स निघत नाही, त्यात रोल नाही याची खात्री करून मागचं झाकण उघडा, शटर "बी"वर ठेवा आणि बटण दाबून धरून आरपार बघा.

टॉर्च मागच्या काचेशी तिरपा धरा आणि समोरून, प्रकाशाच्या सरळ रेषेच्या जरा बाजूने आत बघा. टॉर्च सरळ डोळ्यात येत असेल तर काहीच दिसणार नाही. तिरपा कोन महत्त्वाचा, कारण आपल्याला विखुरलेला उजेडच बघायचा आहे. मग टॉर्च समोर नेऊन मागून बघा. फोकसची कडी हळू फिरवत राहिलात की दोष कोणत्या काचेवर आहे हे कळत जातं.

पहिल्यांदा बघणारा घाबरतो. टॉर्चच्या उजेडात नवी कोरी लेन्सही घाण दिसते. म्हणून काय दिसतंय ते ओळखायला शिका.

सुटे चमकणारे कण म्हणजे धूळ. १८-५५ सारखी किट झूम लांब-आखूड होताना हवा आत-बाहेर ओढते, तिच्यात धूळ असणारच. ती सोडून द्या, फोटोत येत नाही.

एका टोकापासून फांद्या फुटत गेलेले बारीक पांढरे धागे, किंवा कडेपासून आत सरकणारे झुपके, ही बुरशी. काचेवरची धूळ, बोटाचं तेल आणि वंगणाचे अंश यांवर ती जगते, आणि हवेतली आर्द्रता साधारण ६० ते ६५ टक्क्यांच्या वर राहिली की वाढते. वाढताना ती आम्लं सोडते. ती आम्लं आधी कोटिंग आणि मग काच कोरतात. म्हणून लवकर सापडलेली बुरशी पुसून जाते, आणि उशिरा सापडलेलीचे धागे गेले तरी खूण काचेत राहते. कडेला एक-दोन धागे असतील तर फोटोवर परिणाम जवळजवळ शून्य. पण थांबू नका, ती वाढते.

अख्ख्या काचेवर सारखा, धुक्यासारखा थर असेल आणि धागे नसतील, तर तो वंगणाच्या वाफेचा थर. हेलिकॉइडमधलं (फोकससाठी फिरणाऱ्या आट्यांच्या नळीतलं) ग्रीस वर्षानुवर्षं उडून आतल्या काचांवर बसतं. सरळ बघितलं तर लेन्स स्वच्छ वाटते, टॉर्च लावला की धुकं दिसतं. जुन्या लेन्समध्ये "बुरशी तर दिसत नाही, मग फोटो फिके का?" याचं उत्तर बहुतेक वेळा हे असतं. फोटोला हा थर थोड्या बुरशीपेक्षा खूप जास्त नडतो, आणि सुदैवानं तो साफही चांगला होतो.

कडेला इंद्रधनुषी रंगाची कड किंवा बुडबुड्यांसारखे चट्टे म्हणजे दोन चिकटवलेल्या काचांमधला डिंक सुटलाय. जुन्या लेन्समध्ये त्यासाठी कॅनडा बाल्सम वापरत. हे घरी होत नाही, आणि दुरुस्तीचा खर्चही बहुधा लेन्सच्या किमतीला परवडत नाही.

पात्यांवर तेलकट चमक असेल तर वंगण उतरलंय. त्यानं फोटो धूसर होण्याआधी पाती सुस्त होतात आणि फोटो जास्त उजळ येऊ लागतात.

पांढऱ्या कागदावर धरल्यावर लेन्समधून कागद चहाच्या रंगाचा दिसला, तर ती थोरियमच्या काचेची लेन्स असू शकते. सात काचांची सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ याचं प्रसिद्ध उदाहरण. थोरियम किंचित किरणोत्सर्गी असल्यामुळे काच वर्षांनुवर्षं पिवळी पडत जाते. अतिनील दिव्याखाली काही दिवस ठेवल्यावर पिवळेपणा बराच उतरतो. लेन्स वापरायला हरकत नाही, मात्र ती काच घासायची किंवा फोडायची नाही.

आठवी: बुरशी बाहेरच्या काचेवर असेल तर

समोरच्या किंवा मागच्या काचेच्या बाहेरच्या अंगावर धागे असतील तर चौथ्या तपासणीतल्या पद्धतीनंच पुसा. प्रत्येक वेळी नवा टिश्यू, जोर न लावता, दोन-तीनदा. वापरलेले टिश्यू लगेच केरात टाका, बॅगेत नकोत. पुसल्यावर टॉर्चनं पुन्हा बघा. धाग्यांच्या जागी फिकी नक्षी उरली तर ती कोटिंगवरची कोरीव खूण आहे, घासून जाणार नाही. घासत बसलात तर उरलेलं कोटिंगही जाईल.

घरोघरी सांगितला जाणारा एक उपाय म्हणजे लेन्स उन्हात ठेवणं. तो करू नका. उन्हात काही बुरशी मरेल, पण मेलेली बुरशी काचेवरच राहते आणि फोटो तितकाच धूसर येतो. बडोद्याच्या मेमधल्या उन्हात ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं, ते वेगळंच. शिवाय उघडी लेन्स म्हणजे भिंग. कापडी पडद्याच्या शटरला भोक पडू शकतं, आणि खिडकीत कागद-कापड जवळ असेल तर आगही लागू शकते.

नववी: उघडायचीच असेल तर कोणती, आणि कुठवर

मी फक्त एका प्रकारच्या लेन्सला घरी हात लावायला सांगेन: हाताने फोकस होणारी, वायर नसलेली, एकाच फोकल लेंग्थची (म्हणजे झूम न होणारी), आणि गमावली तरी तुम्हाला चालेल अशी. हेलिओस ४४-२ या वर्गात बसते.

समोरची नाव कोरलेली कडी रबरी साधनानं दाबून फिरवली की सुटते. धातूचं टोक वापरलं की ते घसरतं आणि काच जाते. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा, आणि काच कोणत्या बाजूनं बसली होती हे तिच्या कडेला पेन्सिलची खूण करून ठेवा. जपानी लेन्सना साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर लावू नका. स्क्रूचा खाचा जेआयएस (जपानी मानक) घाटाचा असतो, फिलिप्सनं तो खरवडला जातो आणि मग कोणाच्याच हाती येत नाही. समोरचा काचगट निघाला, त्याच्या मागच्या अंगावरचा थर पुसला, परत बसवला, एवढ्यावर थांबा. हेलिकॉइड सुटं करायचं नाही. त्याचे आटे कुठून धरले होते ते हुकलं की लेन्सचा अनंतावरचा, म्हणजे खूप दूरच्या गोष्टींवरचा, फोकस जातो.

इथे थांबा, मेकॅनिककडे जा

- लेन्स ऑटोफोकसची, स्थिरीकरणाची किंवा झूम असेल. आतल्या फ्लेक्स पट्ट्या (वायरच्या जागी असणाऱ्या पातळ लवचिक पट्ट्या) एका ओढीनं तुटतात, आणि काचांखालच्या पातळ चकत्या हलल्या की फोटोची एक बाजू कायमची मऊ होते.
- बुरशी पात्यांच्या दोन्ही बाजूंना किंवा मधल्या गटात असेल.
- डिंक सुटला असेल.
- फ्लॅश आत बसवलेला कॅमेरा उघडावा लागत असेल. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात, बॅटरी काढल्यावरही. इथे धोका कॅमेऱ्याला नाही, तुम्हाला आहे.
- दोष सेन्सरवर चिकटलेला असेल आणि ब्लोअरनं हलत नसेल.
- कॅमेरा पाण्यात भिजला असेल. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा खालच्या कपाटांत ठेवलेल्या कॅमेऱ्यांचे हाल झाले. असा कॅमेरा "चालू होतो का बघू" म्हणून चालू करायचा नाही. बॅटरी आणि कार्ड काढा, तांदळात पुरू नका, तसाच घेऊन जा. उशीर झाला की गंज धरतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

चामड्याचं जुनं कव्हर ही बुरशीची आवडती जागा. चामडं ओल धरून ठेवतं. आजोबांच्या कॅमेऱ्याचं कव्हर आठवण म्हणून जपा, पण कॅमेरा त्यात ठेवू नका. भिंतीतलं कपाट आणि कॅमेऱ्याची फोमची बॅगही पावसाळ्यात टाळा.

घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, एवढ्यावर घरचं काम भागतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. फार कोरडंही नको, ग्रीस आणि रबर सुकतं. नारिंगी जेल हिरवी झाली किंवा निळी गुलाबी झाली की ओल भरली. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास ठेवली की पुन्हा कामाला येते. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ती खाण्याच्या भांड्यांपासून आणि मुलांपासून लांब ठेवा. चार-पाच लेन्स असतील तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या, पैसे वसूल होतात. डांबराच्या गोळ्या मात्र डब्यात टाकू नका, त्यांची वाफ काचेवर बसते.

आणि लेन्स वापरत राहा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद डब्यात पडलेल्या लेन्सपेक्षा दर रविवारी कमाटीबागेत फिरून आलेली लेन्स जास्त टिकते. उजेड लागतो, हवा लागते, आणि दोष सुरुवातीलाच दिसतो.

मेकॅनिककडे देताना आणि घेताना

"साफ करून द्या" एवढंच म्हणू नका. टॉर्चनं काढलेला फोटो दाखवा आणि थर कोणत्या गटात वाटतो ते सांगा. नोंद करून घ्या: आधीपासूनचे ओरखडे, काचेवरच्या खुणा, लेन्सचा नंबर. खर्च लेन्सच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या वर जात असेल तर दुसरी लेन्स बघणं बरं, जोवर ती लेन्स तुमच्या घरातल्या कुणाची नसेल. तशी असेल तर हिशेब वेगळा.

परत घेताना दुकानातच दोन गोष्टी करा. टॉर्चनं आरपार बघा. मग कॅमेऱ्यावर लावून, पाती पूर्ण उघडी ठेवून, समोरच्या विटांच्या भिंतीला समांतर उभं राहून एक फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून बघा. कोपरे सारखे मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव आहे. एकच बाजू मऊ असेल तर काच वाकडी बसली आहे. तिथल्या तिथे परत द्या.